पलंगापासून खुर्चीपर्यंत

(ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त आपल्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये दिलेले भाषण)



फलकावर 'लिफ्टविषयी माहिती' एवढंच लिहिलं गेल्यामुळे आज गर्दी जरा जास्तच दिसते आहे. बी विंगच्या लिफ्टचं काय झालं, दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून, हे ऐकायला जे आले असतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरींना गाठावं. मी बोलणार आहे ती लिफ्ट मजले चढत नाही. ती माणसाला पलंगावरून उचलते आणि खुर्चीत ठेवते. खुर्चीतून उचलते आणि पलंगावर ठेवते. अंतर सगळं मिळून तीन फूट. पण ज्या घरात हा प्रवास दिवसातून चार वेळा करायचा असतो, त्या घरातल्या बाईला विचारा तो किती लांबचा आहे.

बाईला म्हटलं, कारण 32 वर्षं फिजिओथेरपीचं काम करताना मी बहुतेक घरांत हेच पाहिलं. आजारी कुणीही असो, उचलायला पुढे होते ती बायको, सून, मुलगी किंवा ब्युरोकडून आलेल्या मावशी.

आपण इथे राहायला आलो तेव्हा संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलांच्या तिचाकी सायकलींमुळे गाडी काढता येत नसे. आता तिथे दोन व्हीलचेअर आणि एक वॉकर उभा असतो. इमारत पंचवीस वर्षांची झाली म्हणजे आपणही पंचवीस वर्षांनी मोठे झालो, हे स्मरणिकेतल्या फोटोंत दिसेलच. आज आपल्या तीन विंगमध्ये पाच घरं अशी आहेत की जिथे कुणीतरी दुसऱ्याच्या मदतीशिवाय पलंगावरून उठू शकत नाही. नावं घेत नाही. तुम्हाला ठाऊक आहेत. रात्री दहाला फोन येतो, "जरा वर येता का, हे घसरलेत." मग शेजारचे काका, वॉचमन, समोरचा इंजिनिअरिंगचा मुलगा, सगळे धावतात. एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, "एक, दोन, तीन" म्हणतात आणि उचलतात. माणूस पलंगावर पडतो. सगळे हुश्श करतात, सरबत पितात आणि घरी जातात. चांगुलपणाबद्दल शंकाच नाही. फक्त ज्या पद्धतीने उचललं जातं ती पद्धत उचलणाऱ्याला आणि उचलला जाणाऱ्याला, दोघांनाही इजा करणारी आहे.

आधी उचलणाऱ्याचं पाहू. माणसाच्या अंगाला कडी नसते, दांडी नसते. वजन मध्ये एका जागी नसतं, ते हलतं, घाबरलं की ताठ होतं आणि मध्येच ढिलं पडतं. शिवाय पलंगावर वाकून, हात लांब करून, कमरेत वळून उचलावं लागतं. मणक्यांमधल्या गादीला हे तिन्ही एकत्र सोसत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2007 साली रुग्ण उचलण्यासाठी एक मर्यादा सुचवली: एका माणसाने साधारण 16 किलोपेक्षा जास्त भार हातांनी घेऊ नये, आणि तोही परिस्थिती अनुकूल असेल तर. आपला भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. म्हणजे अर्धा सिलिंडर. आणि आपल्या घरातला पेशंट? साठ-सत्तर किलोचा. आपण दोन सिलिंडर एकावर एक ठेवून सत्तरीच्या बाईला रोज चार वेळा उचलायला सांगतो आहोत. ब्रिटनमध्ये 1992 साली नियमच झाले, की जिथे टाळता येईल तिथे धोकादायक रीतीने हाताने उचलणं टाळायचं. हे नियम नोकरी करणाऱ्यांसाठी आहेत. घरच्या बायकोला कुठला नियम!

आता उचलला जाणारा. अर्धांगवायूत लुळ्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडतात. सांधा जेमतेम जागेवर असतो. त्या हाताला धरून ओढलं किंवा काखेतून वर खेचलं की सांधा निसटतो, आणि मग महिनोन्महिने खांदा दुखतो. पेशंटला बोलता येत नसेल तर तो फक्त रडतो, आणि घरच्यांना वाटतं, मन हळवं झालंय. दुसरं, चादरीवरून फरफटत वर सरकवलं की माकडहाडावरची कातडी घासली जाते, ताणली जाते. बेडसोरची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते. हाडं ठिसूळ झालेल्या आजींच्या बरगड्या तर मिठी मारून उचलण्यानेही मोडू शकतात.

गणपतीत आपण मूर्ती आणतो तेव्हा काय करतो आठवा. मूर्तीला हाताला धरून कुणी उचलतं का? खालून पाट धरतो, दोन्ही बाजूंनी सारखा भार घेतो, दारातून नेताना एक जण पुढे राहून "सावकाश, सावकाश" म्हणतो. पेशंट लिफ्टचं सगळं तंत्र एवढंच आहे. खालून आधार, भार सारखा, आणि सावकाश.

ही लिफ्ट दिसते कशी? खाली चाकं असलेले दोन लांब पाय, त्यावर एक उभा खांब, खांबाला एक आडवा हात आणि त्या हाताच्या टोकाला हॅंगरसारखी दांडी. दांडीला कापडी झोळी अडकवायची. स्लिंग म्हणतात तिला, पण आपला झोळी हा शब्द जास्त बरा आहे, काम तेच. झोळीत माणूस बसतो आणि आडवा हात वर जातो. साधी लिफ्ट हायड्रॉलिक असते, गाडीच्या जॅकसारखा दांडा वरखाली करायचा. दुसरी बॅटरीवरची, बटण दाबलं की काम होतं. टेड हॉयर नावाचा एक अमेरिकन तरुण अपघातानंतर मानेखाली लुळा पडला, त्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर असं यंत्र तयार केलं. अजूनही पुष्कळ ठिकाणी तिला 'हॉयर लिफ्ट' म्हणतात. ज्याला उचलायचं होतं त्यानेच यंत्र शोधलं, ही मला त्यातली सगळ्यात पटणारी गोष्ट वाटते.

पुण्याला हा विषय खरं तर नवा नाही. आपल्याकडचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासूनचं. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 साली सुरू झालं. मणक्याला इजा झालेले जवान तिथे राहतात, काम करतात, खेळतात, कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. मराठी वाचकांनी नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलेलं असतं. म्हणजे व्हीलचेअर आपल्याला माहीत आहे. पलंगावरून त्या खुर्चीपर्यंत माणूस पोचतो कसा, हा प्रश्न मात्र आपण घरच्यांवर सोडून देतो.

तर, लिफ्ट कुणाला लागते? सगळ्यांना नाही. कमरेखालून लुळा असलेला पण दंडात ताकद असलेला माणूस एका गुळगुळीत फळीवरून स्वतः सरकत खुर्चीत जाऊ शकतो. त्याला लिफ्टमध्ये घालणं म्हणजे त्याची उरलेली ताकद घालवणं. ज्याला एका पायावर भार घेता येतो, सांगितलेलं कळतं, त्याला कमरेचा पट्टा आणि एक माणूस पुरतो. थोडा भार घेता येतो पण उठता येत नाही, त्यांच्यासाठी उभं करणारी वेगळी लिफ्ट असते. आणि ज्याला पायांवर अजिबात भार घेता येत नाही, किंवा कधी घेता येतो कधी नाही, त्याच्यासाठी ही झोळीवाली. पार्किन्सनच्या पेशंटचं असं होतं, सकाळी चालतो आणि संध्याकाळी पुतळा. अशा घरांत तर ती हवीच. बसणंच शक्य नसेल तर झोळी वेगळी लागते. बाबा आमट्यांना मणक्याच्या दुखण्यामुळे बसता येत नसे. उभे तरी राहत किंवा आडवे तरी होत. 1985 ची भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीतल्या बिछान्यावर पडून केली. अशा माणसाला बसती झोळी देऊन चालणार नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा. दुकानदार तुम्हाला त्याच्याकडे जी आहे ती देईल. त्यात त्याचा दोष नाही, धंदाच आहे.

आता खरी अडचण सांगते. ती पैशांची नाही, पलंगाची आहे.

लिफ्टचे पाय पलंगाखाली गेले तरच आडवा हात माणसाच्या बरोबर वर येतो. त्यासाठी पलंगाखाली साधारण चार-पाच इंच मोकळी जागा लागते. आणि आपल्याकडे काय आहे? बॉक्स पलंग! आपल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये आहे. माझ्याकडेही आहे. त्यात रजया आहेत, लग्नातली भांडी आहेत, आणि अमेरिकेतल्या मुलाची बारावीची पुस्तकं आहेत. बॉक्स जमिनीला टेकलेला, खाली बोट जात नाही. महागाची लिफ्ट घरी येते, पलंगाला धडकून उभी राहते, आणि आठ दिवसांनी तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. उपाय साधा आहे: हॉस्पिटलसारखा कॉट भाड्याने घ्या, किंवा पायांचा पलंग घेऊन त्याखाली ठोकळे लावा. रजयांचं काहीतरी करता येईल.

दुसरी अडचण न्हाणीघराची. आपली बाथरूम चार बाय सहा, दार अरुंद आणि मध्ये उंबरा. लिफ्ट आत नेण्याचा हट्ट धरू नका. बेडरूममध्येच लिफ्टने चाकाच्या कमोड खुर्चीत बसवा आणि ती खुर्ची आत न्या. उंबऱ्याला लाकडाचा छोटा उतार करून घ्या, सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. हल्ली मागून दोन भागांत उघडणारी, हँडल फिरवून वरखाली होणारी खुर्चीही मिळते. दोन्ही बाजूंनी बैठक मांड्यांखाली सरकवून मागे बंद करायची. पलंगाच्या काठावर आधाराने बसू शकणाऱ्या माणसासाठी आणि आपल्या लहान खोल्यांसाठी ती उत्तम आहे. हिचेही पाय मात्र पलंगाखाली जावे लागतात.

वापरताना काय करायचं ते प्रत्यक्ष दाखवणारच आहे, पण काही गोष्टी कानावर असू द्या. झोळी घालताना माणसाला उचलायचं नाही. पडलेल्या पेशंटखालची चादर आपण कशी बदलतो? कुशीवर वळवून, अर्धी गुंडाळी पाठीशी सारून, मग दुसऱ्या कुशीवर. तसंच. झोळीची खालची कड माकडहाडापाशी आली पाहिजे. पायांचे पट्टे मांड्यांखालून घेऊन एकमेकांत ओवायचे, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. अडकवायच्या फासांना रंग असतात: डावीकडे निळा तर उजवीकडेही निळाच. खांद्याकडे आखूड फास आणि पायाकडे लांब घेतला की माणूस ताठ बसतो, उलट केलं की रेलून. उचलताना लिफ्टचे पाय पसरून ठेवायचे, नाहीतर ती कलंडू शकते. ब्रेकच्या बाबतीत सगळे गोंधळतात. व्हीलचेअरचे ब्रेक घट्ट लावायचे, पण उचलताना लिफ्टची चाकं बहुतेक कंपन्या मोकळी ठेवायला सांगतात, म्हणजे वजन आलं की ती आपोआप बरोबर जागी सरकते. तुमच्या यंत्राबरोबरचं पुस्तक वाचा. पुणेकराने सूचना वाचायला काय हरकत आहे? लिहायला तर आपल्याला फार आवडतात.

गादीपासून दोन इंच वर उचललं की थांबा. फास नीट बसलेत का, चेहरा कसा आहे, श्वास कसा आहे, पाहा. बरेच दिवस आडव्या असलेल्या माणसाला बसतं केलं की रक्तदाब खाली येतो, घेरी येते. मग पुढे न्या. खोलीभर फिरवू नका, ती वाहन म्हणून बनवलेली नाही. दोन माणसं असू द्या: एक यंत्राकडे, एक माणसाकडे. आणि बोला त्याच्याशी. "आता वर घेतेय, आता वळवतेय." त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू नका.

वीज गेली तर? हायड्रॉलिकला वीज लागतच नाही; खाली आणायचा स्क्रू हळूहळू सोडायचा, एकदम नाही. बॅटरीवरच्या लिफ्टला हाताने खाली आणायची सोय असते. ती कुठे आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा, अंधारात शोधायची वेळ येऊ नये. झोळी साध्या साबणाने धुवा, ब्लीच नको, इस्त्री तर नकोच. शिवण उसवली, कड विरली की टाकून द्या. पिशवी शिवायला वापरा हवं तर.

एक धोक्याची सूचना. कुणी खाली पडलं तर आधी उचलायची घाई नको, मग हाताने असो की लिफ्टने. एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय, मांडीच्या सांध्यात प्रचंड दुखतंय, किंवा डोक्याला मार लागलाय, तर जागेवरच ठेवा, अंगावर पांघरूण घाला आणि 108 ला फोन करा.

हे सगळं ऐकून काहींच्या मनात एक वाक्य आलं असणार. मला ते घरोघरी ऐकावं लागतं. "माझ्या आईला मी मशीनने उचलू? क्रेनने सामान उचलतात तसं?" यामागची माया मला कळते. पण आपण मातृपितृभक्तीचं उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतो तो श्रावणबाळसुद्धा आईवडिलांना कडेवर घेऊन निघाला नव्हता. त्याने कावड केली होती. दोन पारडी, मध्ये बांबू, भार सारखा वाटलेला. त्या काळची पेशंट लिफ्टच ती. त्याच्या भक्तीत काही कमी पडलं असं अजून कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आपल्याच सोसायटीतली एक गोष्ट, त्या घरच्यांची परवानगी घेऊन सांगते. अर्धांगवायू झालेले एक गृहस्थ आठ महिने बेडरूमच्या बाहेर आले नव्हते. डॉक्टरांनी मना केलं होतं असं नाही. बायकोला एकटीला त्यांना खुर्चीत घेता येत नव्हतं आणि रोज वॉचमनला बोलवायचं त्यांना लाजिरवाणं वाटे. मुलगी परदेशात. मावशी सकाळच्या दोन तासांपुरत्या. शेवटी एक लिफ्ट भाड्याने आणली. पहिल्या दिवशी ते इतके घाबरले की माझं मनगट सोडेनात. मग आम्ही दोन इंच वर घेतलं आणि लगेच खाली ठेवलं, एवढंच केलं. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसले. पाचव्या दिवशी गॅलरीत नेलं. आठ महिन्यांनी बाहेरचं ऊन अंगावर. आम्हाला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. ते खाली वाकून बघत राहिले आणि अडखळत पण स्पष्ट म्हणाले, "माझ्या पार्किंगमध्ये ही कुणाची गाडी?"

ज्याची गाडी होती त्याने ती त्याच दिवशी हलवली. तोही आज इथे बसला आहे.

आता मुद्द्याचं. येत्या सर्वसाधारण सभेत आठ नंबरचा विषय आहे: रौप्यमहोत्सवी निधीतून सोसायटीने एक हायड्रॉलिक पेशंट लिफ्ट आणि एक कॉट घेऊन ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावर जे लिहिलं गेलं ते मी वाचलं आहे. "हे हॉस्पिटल आहे का?" असं एकाने विचारलं. नाही. पण जनरेटर घेतला तेव्हा हे वीज मंडळ आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं. "पाच घरांसाठी सगळ्यांचा पैसा का?" हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. लिफ्ट भाड्याने मिळते, हे खरं. पुण्यात रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर देणाऱ्या संस्थाही आहेत. पण गरज पडते ती अचानक. हॉस्पिटलमधून दुपारी डिस्चार्ज मिळतो आणि संध्याकाळी पेशंट घरात असतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत घरातल्या माणसाची पाठ जाते, आणि मग एका घरात दोन पेशंट होतात. त्या पहिल्या दिवसांसाठी वस्तू इमारतीत हवी. पुढे ज्याला कायम लागेल त्याने स्वतःची घ्यावी. झोळी मात्र पहिल्या दिवसापासून ज्याची त्याची, ती सोसायटीची नको. मापाचा आणि स्वच्छतेचा प्रश्न आहे. वस्तू क्लब हाउसच्या मागच्या खोलीत राहील, तिथे आत्ता मोडक्या खुर्च्या आहेत. किल्ली तिन्ही विंगमध्ये एकेक. वहीत नोंद. आणि शिकल्याशिवाय कुणालाही द्यायची नाही, ही माझी अट आहे. शिकवायचं काम माझं, त्याचे पैसे नकोत.

ठराव नामंजूर झाला तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. तरी शिकवणं मी करणारच आहे, भाड्याची लिफ्ट आणून.

येत्या रविवारी सकाळी दहाला इथेच प्रात्यक्षिक आहे. पलंगावर मी झोपणार आहे, उचलायचं तुम्ही. विशेषतः पुरुषमंडळींनी यावं, बायकांना जमेलच. प्रत्येकाने एकदा झोळीत बसून पाहायचं आहे, कारण वर लटकताना कसं वाटतं ते कळल्याशिवाय दुसऱ्याला उचलू नये. सैल कपडे घालून या.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. टेप घ्या आणि पलंगाखालची मोकळी जागा मोजा. बेडरूम आणि बाथरूमच्या दाराची रुंदीही मोजा. तिन्ही आकडे कागदावर लिहून, फ्लॅट नंबर टाकून, सी विंगच्या खाली माझ्या टपालपेटीत टाका. रविवारच्या आत.